मुकीचा दुसरा आवाज

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. शाळेच्या सामानाच्या खोलीत, हवा गेलेले फुटबॉल आणि अर्धा पिचलेला पृथ्वीचा गोल यांच्या मधोमध सध्या माझा मुक्काम आहे. माझं हँडल एका बाजूने निखळलंय. पोटातल्या बॅटऱ्या गळून त्यांचा हिरवट गंज आतपर्यंत चढलाय. तुमच्यापैकी कित्येकांनी माझ्यासारखं यंत्र बघितलंही नसेल, आणि त्याबद्दल मी रडगाणं गाणार नाही. म्हातारी यंत्रं म्हाताऱ्या माणसांसारखीच असतात, "आमच्या काळी" म्हणून एकदा सुरू झाली की थांबता थांबत नाहीत. मला स्वतःची कीव नको आहे. मला एका मुलीबद्दल सांगायचं आहे, पण तिच्याआधी थोडं माझ्याबद्दल ऐकून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लांबच लांब टेबलं होती आणि प्रत्येक टेबलाशी एक बाई खाली मान घालून तारा जोडत बसलेली असे. शेवटच्या टेबलावरच्या बाईचं काम वेगळं होतं. ती प्रत्येक नव्या यंत्रात काहीतरी बोलायची आणि लगेच ते ऐकून बघायची. माझ्यात ती म्हणाली, "आज डोकं फार दुखतंय." मग तिने ते ऐकलं, "हा छान वाजतोय," म्हणत माझ्यावर शिक्का मारला, आणि स्वतःचं बोलणं पुसून टाकलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं वाक्य. तिच्या डोक्याची चौकशी कुणीच केली नाही.

शाळेत आलो तेव्हा माझा केवढा थाट होता! कवायतीला मी, स्नेहसंमेलनाला मी, पाहुणे आले की स्वागताच्या गाण्याला मी. शिपाईमामा मला दोन्ही हातांनी, तान्हं मूल उचलावं तसे उचलायचे. मग एके वर्षी इंग्रजीच्या बाईंनी हेडसरांकडे जाऊन मला मागून घेतलं. "हे यंत्र गाणी वाजवायला वाया चाललंय," असं त्या म्हणाल्या, आणि मी कायमचा त्यांच्या वर्गातल्या खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसलो.

बाई कामाला वाघ होत्या. वर्गात मुलांना जागा पुरत नसे, खडू नीट मिळत नसे, पण त्यांनी हातपाय गाळले नाहीत. त्यांची एक पद्धत होती आणि ती दुसऱ्या कुठल्या शाळेत मी तरी ऐकली नाही. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाने माझ्यासमोर बसून इंग्रजीत स्वतःबद्दल बोलायचं. हा "पहिला आवाज". वर्ष संपताना पुन्हा बोलायचं. तो "दुसरा आवाज". मग दोन्ही आवाज पाठोपाठ ऐकायचे आणि आपण कुठून कुठे आलो हे वर्गापुढे उभं राहून सांगायचं. प्रत्येकाची कॅसेट वेगळी. मधल्या सुट्टीत पाळीपाळीने वर्गात एकट्याने बसून सराव करायचा, आणि शाळा सुटल्यावर बाई त्या कॅसेटी ऐकून डबीत एक चिठ्ठी सरकवायच्या. चिठ्ठीत उच्चार, वेग, चुका आणि खाली एक शेरा.

पहिल्या आवाजांची काय मजा असायची म्हणून सांगू! एका मुलाने आपलं नाव सांगितलं आणि घाबरून पुढे हेडसरांचंही सांगून टाकलं. एका मुलीला फक्त गाईवरचा निबंध पाठ होता. तिने गाईच्या जागी "मी" घातलं आणि धडाधड म्हणत सुटली. आपल्याला चार पाय आणि एक शेपूट आहे, इथपर्यंत आल्यावर तिने जीभ चावली. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. वर्षअखेरी हीच मुलगी जेव्हा सुरेख इंग्रजीत बोलली, तेव्हाही बाईंच्या डोळ्यांत पाणीच होतं. त्यांचं पोरांवर प्रेम नव्हतं असं माझ्यासमोर कुणी म्हणू नये.

मग एका वर्षी मुकी आली.

तिला बोलता येत नव्हतं असं नाही. पोरांनी ठेवलेलं नाव होतं ते, कारण ती विचारल्याशिवाय चकार शब्द काढायची नाही. शाळेच्या बसच्या ड्रायव्हरची ती थोरली मुलगी. ड्रायव्हरकाका म्हणजे सगळ्या शाळेचा लाडका माणूस. लहानग्यांना हात धरून पायरीवरून उतरवायचे, कुणाचा डबा बसमध्ये राहिला तर वर्गापर्यंत आणून द्यायचे. त्यांची बायको वारली तेव्हा सगळी शाळा हळहळली. धाकट्या मुलीला झटके येतात म्हणून तिला मावशीकडे ठेवलंय, असं ते सांगत. "थोरली तेवढी शिकू दे," असं म्हणून त्यांनी हेडसरांपुढे हात जोडले होते. आईविना पोर, बापाची धडपड, कुणालाही कळवळा यावा असंच सगळं होतं.

मुकीच्या पहिल्या आवाजात आवाजच नव्हता. बाईंनी माझं लाल बटण दाबलं, तिच्याकडे बघून हसल्या, आणि मी फिरू लागलो. मला ऐकू आला तो तिचा श्वास. खुर्ची एकदा करकरली. बाहेर कुणीतरी घंटेवर टोला दिला. बस्स. बाई रागावल्या नाहीत. "असू दे," त्या म्हणाल्या, "हाच तुझा पहिला आवाज. पुसायचा नाही. बघू वर्षभरात काय होतं ते."

वर्षभरात जे झालं त्याला बाई प्रगती म्हणत होत्या. सगळ्यांना तसंच वाटलं.

इतर पोरं मधल्या सुट्टीत सरावाची पाळी चुकवायची, आणि मुकी त्यांची पाळी मागून घ्यायची. ती खिडकी लावून घ्यायची, माझ्याजवळ तोंड आणायची आणि पुस्तकातल्या वाक्यांसारखी वाक्यं जुळवायची. मी तुम्हाला ती आपल्या भाषेत सांगतो. "एक मुलगी आहे. एक खोली आहे. मुलगी खोलीत आहे." सुरुवातीला एवढंच. मग शब्दकोशातून नवा शब्द शोधून आणायची आणि जपून जागेवर बसवायची. "मुलगी लहान आहे. तिला दोरी आहे. दोरी पायाला आहे."

माझ्या अंगात रक्त नाही, मित्रांनो, नाहीतर त्या दिवशी ते गोठलं असतं.

हे ती इंग्रजीतच का सांगत होती, असं तुम्ही विचाराल. घरच्या भाषेत सांगितलेली गोष्ट शाळेत कुणाच्याही तोंडून निघाली असती, आणि बस सुटायच्या आत ड्रायव्हरकाकांच्या कानावर गेली असती. मग घरी कमरेचा पट्टा निघाला असता, मुकीसाठी नव्हे, धाकटीसाठी. तो माणूस फार हुशार होता. थोरलीने तोंड उघडलं की तो धाकटीला मारायचा. इंग्रजी मात्र त्याला कळत नव्हतं. मुकीला वाटलं, ही एकच अशी वाट आहे की जिच्यावर बाबा उभे नाहीत आणि जिच्या टोकाला बाई आहेत.

बाईंनी ती कॅसेट ऐकली. शाळा सुटली होती, समोर कॅसेटींचा ढीग होता, आणि त्या हनुवटीला हात लावून माझ्यापुढे बसल्या होत्या. मुकीचा आवाज सुरू झाला तशा त्या ताठ झाल्या. मला वाटलं, आता उठतील. त्यांनी पेन उचललं. चिठ्ठीवर लिहिलं, "शाब्बास! तू बोललीस! गोष्ट छान सुरू झाली आहे. उच्चार अजून स्पष्ट हवेत."

दुसऱ्या दिवशी मुकीने ती चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात ठेवली, आणि पुन्हा माझ्यासमोर बसली.

मित्रांनो, तिने जी मेहनत केली तशी मी कुणाची बघितली नाही. ती स्वतःचं बोलणं ऐकायची, अडखळलेली जागा परत म्हणायची, पुन्हा ऐकायची. "एक मुलगी"चं तिने "माझी बहीण" केलं. "एक खोली"चं "आमच्या घरामागची खोली" केलं. बहिणीला झटका येतो तेव्हा दोरी ओढली जाते आणि कातडी सोलवटते, हे तिने सांगितलं. जखमेला वास येतो, हेही सांगितलं. आणि दर वेळी बाईंची चिठ्ठी यायची. "वेग सुधारला." "वर्णन डोळ्यांपुढे उभं राहतं." "अशाच गोष्टी रचत राहा, तुझ्या अंगात लेखिका आहे."

एकदा ती वर्ग रिकामा झाल्यावर मागे थांबली.

"मॅडम, तुम्ही माझी कॅसेट ऐकलीत?"

"ऐकली तर! शब्दन् शब्द ऐकला. किती सुधारलीस गं!"

"सगळं कळलं तुम्हाला?"

"अगं, आता तर सगळंच कळतं. आधी थोडं कान देऊन ऐकावं लागायचं."

मुकी तिथेच उभी राहिली. तिचा हात माझ्या हँडलवर होता. "मग... पुढे काय करायचं, मॅडम?"

बाई वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून दाराकडे निघाल्याच होत्या. "पुढे? शेवट कर ना. इतकं दुःख दाखवलंस, आता त्या बहिणीला कुणीतरी सोडवायला नको का?" असं हसून म्हणाल्या आणि गेल्या. बाहेर हॉर्न वाजला. बस निघायची वेळ झाली होती आणि ड्रायव्हरकाका लेकीची वाट बघत होते.

यानंतर काही दिवस ती माझ्याकडे फिरकली नाही. मग परत आली आणि सगळं सुरुवातीपासून सांगून तिने आपला दुसरा आवाज पुरा केला.

वर्षाच्या शेवटी पालकसभा भरली. त्या वर्षी हेडसरांना इंग्रजीच्या वर्गाचं कौतुक पालकांना दाखवायचं होतं, म्हणून मला सभागृहात नेऊन उंच टेबलावर ठेवलं. बाईंनी सगळ्या कॅसेटींमधून एकच निवडली. तुम्ही ओळखलंच असेल. मुकी पहिल्या रांगेच्या कडेला बसली होती. ड्रायव्हरकाका दाराशी उभे होते, हातात किल्ल्यांचा जुडगा, अंगावर धुतलेला गणवेश. हेडसरांनी त्यांना आग्रहाने पुढे बोलावून बसवलं.

"आधी ऐका, ही मुलगी वर्षाच्या सुरुवातीला कशी बोलायची," बाई म्हणाल्या. मी फिरलो. श्वास, खुर्चीची करकर, घंटा. लोक हसले. प्रेमानेच हसले. "आणि आता हा तिचा दुसरा आवाज. तिने स्वतः रचलेली एक गोष्ट आहे."

मुकीचा आवाज सभागृहात घुमू लागला. स्पष्ट, सावकाश, एकही शब्द न गिळता. पोटातल्या चकत्या फिरवत मीही ऐकत होतो. तिने काहीही लपवलं नव्हतं. खोली, दोरी, पट्टा, उघड्या जखमेवर बसलेल्या माश्या, सगळं होतं. बहुतेक पालकांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, ते फर्ड्या इंग्रजीला माना डोलावत होते. ज्यांना कळत होतं त्यांचं मला नवल वाटतं. पहिल्या रांगेत एक वकीलबाई होत्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी शेजारी बघितलं, शेजारी हसत होता. बाईंकडे बघितलं, बाईंच्या चेहऱ्यावर कौतुक ओसंडत होतं. मग वकीलबाईंच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली. गोष्टच आहे म्हटल्यावर कोण कशाला चौकशी करतं?

टाळ्यांचा कडकडाट झाला. हेडसरांनी ड्रायव्हरकाकांचा हात हातात घेतला. "पोरीने नाव काढलं हो तुमचं!" काकांचे डोळे भरून आले होते. खरंच भरून आले होते, तेही मी बघितलं.

आणि मुकी उठली. ती टेबलापाशी आली, टाचा उंचावून तिने माझं बटण दाबलं. मी थांबलो. टाळ्याही विरत गेल्या, कारण लोकांना वाटलं ती आभार मानणार.

"ही गोष्ट नाहीये," ती म्हणाली. घरच्या भाषेत. तिचा तो आवाज मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होतो. "माझी बहीण मावशीकडे नाहीये. ती घरी आहे. मागच्या खोलीत बांधून ठेवलीये. आत्ताही आहे. तिचा पाय काळा पडलाय. कुणीतरी चला ना माझ्याबरोबर."

ड्रायव्हरकाका उठले. लहानग्यांना बसमधून उतरवताना वापरायचे त्याच मऊ आवाजात म्हणाले, "आई गेल्यापासून असंच काहीबाही बोलते हो. चल बाळा, घरी चल."

"हो, हो," हेडसर घाईने म्हणाले. "बसा सगळे, चहा येतोय."

काही जण खरंच बसले. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मला त्यांची इतकी चीड आली की माझ्यातून खरखर निघावी. काकांनी लेकीचं मनगट धरलं. ती टेबलाला चिकटून उभी राहिली.

बाई मात्र माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. त्या माझ्यातलं ते सगळं बोलणं मनातल्या मनात पुन्हा ऐकत असाव्यात, पहिल्या दोरीपासून. त्या पुढे आल्या आणि त्यांनी हात पसरला. "किल्ली द्या."

"मॅडम, तुमचा गैरसमज होतोय."

"खोलीची किल्ली द्या मला."

वकीलबाई उठून बाईंच्या शेजारी उभ्या राहिल्या. शिपाईमामा दारात जाऊन उभे राहिले. काकांनी सगळीकडे बघितलं, मग त्यांचा मऊ आवाज फाटला. "मग कुठे ठेवू तिला दिवसभर? रस्त्यात झटका आला तर? तुमच्या पोरांना आणायला गाडी कोण चालवणार? तुम्ही सांभाळणार होता?" प्रश्न खोटा नव्हता. पण त्याचं उत्तर दोरी नव्हतं, आणि कमरेचा पट्टा तर नव्हताच नव्हता. त्यांनी जुडगा माझ्या शेजारी आपटला. बाई, वकीलबाई आणि मुकी धावतच बाहेर पडल्या.

मी तिथेच राहिलो. पुढचं मी कानावर आलं तेवढं सांगतो. धाकटी जिवंत सापडली. पाय मात्र घोट्याच्या वरून कापावा लागला. महिनाभर आधी आणली असती तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाल्याचं शिपाईमामा सांगत होते. पोलीस आले, काकांना घेऊन गेले. शिक्षकांच्या खोलीत कितीतरी दिवस एकच वाक्य ऐकू येई, "माणूस तसा वाटला नव्हता हो." एकदोघे असंही म्हणाले, की पोरीने घरची गोष्ट भर सभेत काढायला नको होती. दोघी बहिणींना त्यांची मावशी आपल्या गावी घेऊन गेली.

जाण्याआधी मुकी शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला आली. बाई वर्गात एकट्याच होत्या. त्यांनी तिला जवळ बसवलं. कशाबशा म्हणाल्या, "तू इतक्यांदा सांगितलंस गं. आणि मी..."

"मला वाटलं माझं इंग्रजी चुकतंय," मुकी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "तुम्ही लिहायचात ना, उच्चार अजून स्पष्ट हवेत म्हणून. मला वाटलं मी नीट बोलत नाहीये, म्हणून तुम्हाला कळत नाहीये. नीट बोलले की तुम्ही याल. म्हणून मी रोज सराव करायचे."

बाईंनी तोंड हातांनी झाकलं. मुकी दाखल्याची घडी घालून निघून गेली. बाईंनी पुढे कितीतरी वर्षं शिकवलं, चांगलं शिकवलं, पण दोन आवाजांची ती पद्धत त्यांनी बंद केली. एका संध्याकाळी त्यांनी स्वतःच मला उचलून या खोलीत आणून ठेवलं. माझा राग केला असेल का त्यांनी? असेलही. मला त्यांचा राग करता येत नाही.

मित्रांनो, इतर यंत्रं आपली कथा संपवताना म्हणतात, आम्हाला पुसा, तेल द्या, जपून वापरा. माझं तसलं काही मागणं नाही. माझ्यावर धूळ बसली तर बसू द्या. पण वर्गात, खेळताना, बसमध्ये कुणी तुम्हाला काही सांगू लागला, अडखळत, चुकतमाकत, हसण्यावारी नेत किंवा दुसऱ्या कुणाची गोष्ट म्हणून, तर त्याला आधी शाबासकी देऊ नका आणि त्याच्या चुकाही काढू नका. त्याला विचारा, हे खरं आहे का? आणि तो हो म्हणाला, तर त्याच्याबरोबर चला. वाट दाखवायला तो आहेच. एकट्याला जमणार नसेल तर एखाद्या मोठ्या माणसाचा हात धरून ओढत न्या, आणि त्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याचा धरा. मुकी जे सांगत होती ते पहिल्या दिवसापासून सगळ्यात आधी मी ऐकलं होतं. शब्दन् शब्द ऐकला आणि टेबलावर नुसता फिरत राहिलो. मला उठून जाता येत नाही. तुम्हाला येतं.